पन्नास केबीच्या आत

दोंडाईच्यात, स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर,
मिरचीच्या पोत्यांमुळं दिवसभर शिंका येतात अशा गाळ्यात
मी फोटो लहान करून देते.
पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, रेल्वे तिकीट असं सगळं आहे,
हे नाही. तरी लोक येतात ते यासाठीच.

फॉर्म म्हणतो, फोटो पन्नास केबीच्या आत,
सही वीसच्या.
मोबाइलातला माणूस असतो चार एमबीचा,
दारातून आत न मावणारा.
मग मी कापायला बसते. आधी आभाळ जातं,
मग पपईची ओळ, दोरीवरचं लुगडं,
खाटेखाली निजलेला कुत्रा,
मग खांदे.
चेहरा उरतो. त्यातलेही ठिपके मग
कमी करत जायचे, ओळख पुसणार नाही इतपत.

मालपूरचा एक गिरासे आला, पोलीस भरतीचा.
ताई, जरा उभा ताण ना, दीड सेंटिमीटर कमी पडतंय.
मी त्याला रुंदी आणि उंचीमधली बारकी साखळी दाखवली.
एक ओढली की दुसरी मागं येते.
साखळी सोडली तर वाढशील,
पण नाकासकट.
हसला. जाता जाता म्हणाला,
"पन सोडता येस ना?"

छाजेड शेठना वाळवणाचा फोटो पाठवायचा होता,
पंधरा एकर नुसतं लाल.
लहान केला तर लालाचे चौकोन पडले,
कुणी विटा रचून ठेवल्यासारखे.
शेठ म्हणाले, तिखट उतरलं याचं.
मी साठवरून बहात्तरवर नेलं.
आता बरोबर, म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून शिंकले.

आप्पांचं काम उलटं होतं.
याच गाळ्यात, लाल दिव्याखाली.
गेलेल्या माणसाचा एकच फोटो असायचा,
तोही दुसऱ्याच्या लग्नातला, मागच्या रांगेत,
चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा.
आप्पा त्या दाण्याचा बारा बाय पंधरा करायचे.
इतकं मोठं केल्यावर तिथं माणूस नसायचाच,
नुसती रेती.
मग घरच्यांना विचारत विचारत बारीक ब्रशनं भरायचे:
मिशी होती का? पिळाची, की पडलेली?
खाली एक काळा कोट चिकटवायचे.
कोट एकच होता.
आसपासच्या गावांत भिंतीभिंतींवर
कधी कोट न घातलेली माणसं अजून तोच घालून बसली आहेत.

परवा सुपडाबाई कोळी आल्या, फ्रेम टॉवेलात गुंडाळून.
वारस नोंदीला नवऱ्याचा फोटो पाहिजे.
काच पुसली आणि कोट ओळखला.
फोटोचा फोटो घेतला, साडेचार एमबी,
आणि उतरवत आणला. दोनशे. एकशे दहा. पंच्याहत्तर.
काचेतली मी गेले, मागची ट्यूबलाइट गेली,
हाराचा जुना डाग गेला, कोटाची बटणं.
अठ्ठेचाळीसला आला तेव्हा
कॅमेऱ्यानं टिपलेलं बहुतेक काही राहिलंच नव्हतं.
राहिल्या त्या भुवया,
आप्पांनी डावीकडं जरा जाडच भरलेल्या.

मोठा करून दाखवू का, विचारलं.
त्यांनी मान हलवली. पडद्यावरच्या त्या ठिपक्याएवढ्या माणसाकडं
वाकून बघत राहिल्या.
"आते दिखना बरं," म्हणाल्या.
"आस्साच मांगे उभा व्हता, लगीनमा."

फोटोचे वीस, अंगठ्याचे दहा.
अंगठा वीस केबीत आरामात बसतो,
सह्यांनाच जागा कमी पडते.

लहान केलेला पुन्हा मोठा होत नाही, हे मी सगळ्यांना सांगते,
मूळ जपून ठेवा म्हणते. कशाला लागतं, म्हणतात.
म्हणून मीच ठेवते.
'मोठे' नावाचं एक फोल्डर आहे, डिस्क भरत आलीय,
पट्टी लाल झालीय.
मधे उघडून पाहिलं, काय पुसता येईल म्हणून.
निम्मं तर आभाळच निघालं,
आणि कुत्री.
काही पुसलं नाही.